साठ डेसिबलच्या आत

सकाळी सव्वाआठला ट्रेलरच्या दारावर टकटक झाली. दारात कॅम्पग्राउंडचा कर्मचारी. हातात वही, आणि अमेरिकेतली माणसं दंडाची पावती फाडताना आणतात ते गोड हसू चेहऱ्यावर. म्हणाला, रात्री तीन ते पाच तुमचा जनरेटर चालू होता, दोन तंबूंमधून तक्रार आली आहे. इथे जनरेटर सकाळी ८ ते रात्री ८ एवढ्याच वेळात लावता येतो, आणि तोही ५० फुटांवरून मोजला तर ६० डेसिबलच्या आत असला पाहिजे.

चिरंजीवांनी शांतपणे ऐकून घेतलं, पायात चपला सरकवल्या, पिकअप ट्रकच्या हौद्यातून एक खोकं ओढून काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. आमचा जनरेटर त्या खोक्यात होता. वर प्लॅस्टिकच्या पट्ट्या, दुकानातून आणल्या तशाच. त्या माणसानं एक पट्टी बोटानं ओढून पाहिली. ती टण्णकन वाजली.

"मग रात्री काय चालू होतं?" त्यानं विचारलं.

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. हिनं तर टकटक झाल्यापासून माझ्यावरची नजर काढलीच नव्हती. मी पाइनच्या झाडांचे शेंडे न्याहाळू लागलो.

तर, मी घोरतो. बेतानं नाही. सांगलीत मी परगावी गेलो की समोरच्या बिल्डिंगमधले लोक दुसऱ्या दिवशी हिला विचारतात, साहेब कुठे गेलेत का? बँकेतून निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, झोपेत तुमचा श्वास अडकतो. नाकावर मुखवटा लावून झोपा, सीपॅप नावाचं यंत्र रात्रभर आत हवा ढकलत राहील. यंत्र घेतलं. सहा महिन्यांत ते अख्खी रात्र एकदाही लावलं नाही. तासाभरात मुखवटा उशीखाली जायचा. हिची तक्रार नव्हती. म्हणजे पस्तीस वर्षांत करून करून संपली होती.

मुलाच्या घरी दार लोटून घेतलं की भागत होतं. ट्रेलरला आतून दार नव्हतं. पडदा होता.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आपल्याकडे अष्टविनायकाला निघालेली मंडळी गाडीत स्टोव्ह, पातेली, वळकट्या कोंबतात. अमेरिकन माणूस सगळं घरच मागे बांधून नेतो. कोविडच्या काळात विमानं आणि हॉटेलं नकोशी झाली तेव्हा तिथे या घरांवर अशी उडी पडली की एकट्या २०२१ साली कारखान्यांतून ६ लाख आरव्ही बाहेर पडल्या. घेणाऱ्यांतले काही जण दोन उन्हाळ्यांत कंटाळले. तसाच एक कंटाळलेला गृहस्थ चिरंजीवांना भेटला. २२ फुटी ट्रेलर. त्यात शेगडी, फ्रीज, मायक्रोवेव्ह, न्हाणीघर, खोली तापवणारी भट्टी, पाणी तापवणारा बंब, आणि आम्ही पाच जणं: चिरंजीव, सूनबाई, चिरंजीवांचे चिरंजीव, ही आणि मी.

मुक्कामाच्या जागी खांब असतो, त्याला ट्रेलरची जाड वायर जोडली की घर जिवंत होतं. याला हुकअप म्हणतात. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी अशी पूर्ण सोय फिशिंग ब्रिजच्या एकाच कॅम्पग्राउंडवर आहे, आणि ते भरलेलं होतं. आम्हाला मॅडिसन मिळालं. जागा देखणी. गिबन आणि फायरहोल या दोन नद्या तिथे मिळतात आणि पुढे मॅडिसन म्हणून वाहतात. चक्क संगम. हिनं पहिल्याच संध्याकाळी पाण्याला हात लावून नमस्कार केला आणि नातवाच्या डोक्यावर चार थेंब शिंपडले. सगळं होतं. खांब तेवढा नव्हता.

खांब नसला की सगळा संसार एका बॅटरीवर. ट्रेलरच्या नाकाडावर काळ्या पेटीत ती बसलेली असते: १२ व्होल्ट, १०० अँपियर-अवर, आत शिसं आणि तेजाब. या जातीचा नियम असा की आत १०० असले तरी वापरायचे ५०च. रोज त्याखाली ओढली तर लवकर मरते. म्हणजे पगार शंभर आणि हातात पन्नास. पूर्ण भरलेली असली तर मीटर १२.७ दाखवतो, निम्म्यावर १२.२च्या आसपास. आणि १२ व्होल्टची ही बॅटरी खरोखरच १२ व्होल्टवर आली, की समजायचं तिचे बारा वाजले.

या विषयात मी कच्चा नाही. भारनियमनाच्या वर्षांत सांगलीत घरोघरी इन्व्हर्टर आले तेव्हापासून बॅटरी म्हटलं की माझा हात आपोआप झाकणाकडे जातो. माझ्या निम्म्या शर्टांना तेजाबाची भोकं आहेत, आणि ती कुठल्या साली पडली ते हिला तारखेनिशी पाठ आहे. चिरंजीवांच्या बॅटरीची झाकणं उघडली तर आत प्लेटा उघड्या पडायच्या बेतात. दोन वर्षांत या मुलानं तिला घोटभर पाणी दाखवलं नव्हतं. संगणकातला एवढा मोठा इंजिनियर! "बाबा, मला वाटलं ती सीलबंद असते," म्हणाला. डिस्टिल्ड वॉटर आणा म्हटलं तर ते घरातच निघालं. माझ्या सीपॅपलाही तेच लागतं, नाकात जाणारी हवा ओलसर करायला. बॅटरीला प्लेटा बुडण्यापुरतं घातलं, उरलेलं यंत्रात ओतलं. आम्ही दोघांनी एका बाटलीतलं पाणी घेतलं आणि आमचं नातं जुळलं.

पहिल्या रात्रीचा हिशेब नंतर मांडला तो असा. जून असला तरी तिथे रात्री पाणी गोठायच्या बेतात येतं. भट्टी चालते प्रोपेनवर, पण तिचा पंखा बॅटरीवर, आणि तो ७ अँपियर खातो. अर्धी रात्र फिरला तरी २८-३० गेले. पडद्यापायी लावावं लागलेलं माझं यंत्र पाणी कोमट करत चालतं, ते ताशी ५. दिवे, पाण्याचा पंप, फ्रीजचा कंट्रोल बोर्ड, गॅस हुंगणारं यंत्र, हे किरकोळ खर्च. बँकेत असताना असलं खातं समोर आलं असतं तर मी चेक परत पाठवला असता. बॅटरीनं तीन वाजता तेच केलं. पंखा कण्हत कण्हत थांबला, सीपॅप बंद पडलं, आणि व्होल्टेज उतरलं म्हणून गॅस हुंगणारं यंत्र पिकपिक करू लागलं. मग मी सुरू झालो.

तेव्हा खोकं उघडायचं ठरलं.

पट्ट्या कापल्या. आत एक लालचुटूक पेटी, वर धरायला मूठ, २१ किलो वजन. २२०० वॅट हा कमाल आकडा, सलग चालायचा १८००. "यात इन्व्हर्टरच आहे बाबा, तुमच्या ओळखीचा," चिरंजीव म्हणाले. माझ्या ओळखीचे जनरेटर म्हणजे गणपती मंडळाचे. ते चालू करायला दोन पैलवान आणि एक शिवी लागायची, आणि चालू झाले की आरती कुठली चाललीय ते ओठांवरून ओळखावं लागायचं. हा बाळसेदार दिसत होता. चिरंजीवांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. सतरा वेळा ओढली. मग पुस्तक उघडलं तर पहिल्या पानावर ठळक अक्षरात: यात इंजिन ऑइल नाही, घालून मग सुरू करा.

ऑइल मिळणार वेस्ट यलोस्टोन गावात, १४ मैलांवर. निघताना हिनं हाक मारली, "अरे, येताना गॅसही बघ, शेगडीचा संपत आलाय." चिरंजीव दोन तासांनी परत आले, ऑइल आणि पेट्रोलचा डबा घेऊन. पंधरा वर्षं पेट्रोलला गॅस म्हणणाऱ्या देशात राहिलेलं पोर. हिनं डब्याचा वास घेतला आणि त्याला इतकंच म्हणाली, "यावर पोळ्या भाजून देऊ का?"

पण जनरेटर सुरू झाला. चोक ओढला, दोरी ओढली, आणि एका झटक्यात असा मऊ सुरात लागला की चिरंजीवांच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा मिनिटं चालला. मग दोनदा उचकी दिली आणि गप्प. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू केला, पुन्हा दहा मिनिटं चालून गप्प. टाकीत पेट्रोल काठोकाठ. ऑइल बरोबर. स्पार्क प्लग काढून, पुसून, फुंकून पुन्हा बसवला. फोनला रेंज नाही, नाहीतर चिरंजीवांनी जगाला विचारलं असतं. बापलेक जमिनीवर उकिडवे बसून त्या पेटीकडे पाहत होतो. ही कांदा चिरता चिरता दारातून पाहत होती.

"आत तेल आहे ना?" तिनं विचारलं.

"पेट्रोल आई. फुल आहे."

"तेच म्हणते. डबा भरलेला आणि धार येत नाही. दुसरं भोक पाडलंय का?"

आमच्या घरी गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा यायचा तेव्हा त्याला खिळ्यानं दोन भोकं पाडत. एकानं तेल येतं, दुसऱ्यानं हवा आत जाते. एकच पाडलं तर सुरुवातीला धार लागते, मग गुळगुळ करून थांबते. चिरंजीव ताडकन उठले. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर एक चिमुकली तरफ होती, बंद खुणेवर. पेटी गाडीतून नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून हवेचं भोक बंद करायची ती सोय, आणि चालवताना उघडायची असते. तरफ फिरवली. फुस्स आवाज झाला, आणि त्यानंतर जनरेटर पुन्हा कधी त्या कारणानं थांबला नाही. ही आत गेली. कांदा चिरण्याचा आवाज मात्र नंतर बराच वेळ जरा जोरात येत होता.

आता बॅटरी भरायची. जनरेटरवर १२ व्होल्टचं एक वेगळं भोक असतं. त्यावर बॅटरी चार्ज करण्यासाठी असं लिहिलेलं असतं. बॅटरी त्यानं चार्ज होत नाही. म्हणजे होते, मोटारसायकलची. चिरंजीवांनी त्यातून दोन वायरी काढल्या, तांबडा आणि काळा चिमटा लावला, आणि आम्ही दुपारभर खुर्च्या टाकून बसलो. ८ अँपियर हा त्याचा सगळ्यात उदार क्षण. संध्याकाळी साडेसातला मीटर पाहिला तर सकाळपेक्षा किंचित बरा, जसा तापातला माणूस "बरं वाटतंय" म्हणतो तसा. त्या रात्री चिरंजीवांनी भारनियमनाचं वेळापत्रक काढलं आणि फ्रीजवर चिकटवलं. भट्टी ५५ अंशांवर, म्हणजे आपले १३. दिवा एक. नातवाचा टॅब्लेट बंद. सीपॅप चालेल, पण पाणी गरम न करता. खाली सही करायला जागासुद्धा ठेवली होती. हजारो मैल उडून मी पुन्हा भारनियमनात आलो होतो, आणि या खेपेला वेळापत्रक काढणारा पोटचाच निघाला.

पहाटे चारला व्हायचं ते झालं. या खेपेला नातू जागा होता. त्यानं बापाच्या फोनवर मोजलं: जनरेटर दुपारी ५८ होता, आजोबा हातभर अंतरावरून ६४. मात्र ५० फुटांवर आजोबा कायद्यात बसतात, असं त्यानं सकाळी जाहीर केलं.

सुटका शेजाऱ्यानं केली. मिनेसोटाचे एक निवृत्त आजोबा, बरोबर बायको आणि एक म्हातारा कुत्रा. वीस वर्षं जनरेटर वापरून त्यांनी दोन वर्षांपूर्वी सौर पत्रे आणि लिथियम बॅटरी घेतली होती. तेव्हापासून नुकतीच माळ घातलेला माणूस मटणाच्या दुकानाकडे पाहतो तसे ते जनरेटरकडे पाहत. पण आमचे चिमटे पाहून त्यांना राहवेना. ते भोक विसरा, म्हणाले. ट्रेलरची जाड वायर खांबाला लावता ना? तीच जनरेटरला लावा. ट्रेलरच्या पोटात ४५ अँपियरचा चार्जर आहे, तो त्याचं काम करेल.

इतकं सोपं होतं. फक्त वायरीच्या प्लगचे पाय निराळे आणि जनरेटरची भोकं निराळी. मधे एक जोडतुकडा लागतो, तो आजोबांनी आपल्या पेटाऱ्यातून काढून दिला. लावला. तर ट्रेलरची राखण करणारी, विजेचे झटके अडवणारी एक पेटी असते, तिनं वीज आत सोडायला नकार दिला. पडद्यावर इंग्रजीत आलं त्याचा मतलब एवढाच की अर्थिंग नाही.

"काय म्हणतंय रे?" हिनं विचारलं.

"अर्थ नाही म्हणतंय."

"मी परवापासून तेच सांगतेय."

खरं तर भानगड अशी की असल्या छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले नसतात, दोघं वेगवेगळे लटकत असतात. घरात ते मेन बोर्डाशी जोडलेले असतात. पेटीला ती जोड दिसली नाही की ती हटून बसते. आजोबांनी पुन्हा पेटाऱ्यात हात घातला आणि एक प्लग काढला, आतून त्या दोघांना तारेनं बांधलेला. जनरेटरच्या दुसऱ्या भोकात तो खोचला आणि पेटीला अर्थ सापडला. जनरेटर सोडून दोन वर्षं झाली तरी या माणसानं तो प्लग जवळ ठेवला होता, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

बॅटरी भरणं म्हणजे पंगत वाढणं. उपाशी बॅटरी पहिल्या वाढीला पान पुसून खाते. चार्जर चाळीस-पंचेचाळीस अँपियर ओततो आणि ती मान वर करत नाही. तासाभरात ऐंशी टक्के पोट भरतं. मग पानावर हात आडवा येतो. १४.४ व्होल्टला पोचलं की नुसता आग्रह उरतो: एक जिलबी घ्या, बरं अर्धी, बरं तुकडा तरी. आकडा वीसवर, दहावर, पाचवर येतो. शेवटचे वीस टक्के जायला पुढचे तीन-चार तास. बाहेर जनरेटर मात्र तुकड्यापायीही पेट्रोल जाळतोच आहे. शहाणी माणसं ऐंशीवर पंगत उठवतात. चिरंजीवांना ते पटलं, पण हिच्या कानावर गेलं. उपाशी उठवलेली पंगत तिला मान्य नव्हती.

तिसरी गोम उंचीची. मॅडिसन ६,८०० फुटांवर. हवा विरळ, आणि हवा कमी तर इंजिनची ताकद कमी. दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के. १८०० वॅटचे तिथे जेमतेम १,४०० उरतात. (हिचं निरीक्षण स्वतंत्र होतं: चहा उकळतो पण कढत नाही. बरोबर आहे, पाणीच ९३ अंशांवर उकळतं.) त्यात चार्जर ७०० खातोय. फ्रीज स्वयंचलित, वीज आल्याचा वास लागताच तो प्रोपेन सोडून विजेवर आला. अशा वेळी नातवानं मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न ठेवले. जनरेटरनं एक मोठा उसासा सोडला आणि तांबडा दिवा लागला. गंमत म्हणजे इंजिन थांबत नाही. ते जोरात चालूच राहतं, आतून वीज तेवढी येत नाही. नोकरीत असे काही सहकारी मी पाहिले आहेत.

हे सगळं मार्गी लागल्यावर खरा पेच ध्यानात आला. जनरेटर लावायची वेळ सकाळी ८ ते रात्री ८. यलोस्टोन पाहायची वेळही तीच. उद्यानात दहा हजारांवर गरम झरे, कुंडं, वाफारे. पाचशेच्या घरात उसळती कारंजी. ओल्ड फेथफुल १६ मैलांवर, साधारण दीड तासाला एकदा आकाशात उडतं. १८७२ साली जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून हे राखून ठेवलं ते लोकांनी पाहावं म्हणून. आणि जनरेटर एकटा टाकून जाता येत नाही. कोणी उचलून नेईल, पाऊस येईल, पेट्रोल संपेल.

तिसऱ्या दिवशी कोणीतरी मागे राहायचं ठरलं. कोणी काही बोललं नाही, पण चार जणं एकाच दिशेला पाहत होती. यंत्र माझं होतं.

तर मी यलोस्टोन पाहिलं ते असं: पायाखाली ज्वालामुखी खदखदतोय, आणि मी घडीच्या खुर्चीवर बसून लाल पेटीतल्या १,४०० वॅटांची राखण करतोय. बरोबर आठ वाजता सगळ्या कॅम्पग्राउंडवर दोऱ्या ओढल्याचे आवाज सुरू झाले. काही एका झटक्यात लागले, काही खोकले, कुठे एक गृहस्थ दहा मिनिटं दोरी ओढत होता. त्याच्याकडे जाऊन ऑइल घातलंय का विचारावंसं वाटलं. दर दोन तासांनी उठून मी झाकणावरची तरफ तपासत होतो. जनरेटरचं तोंड झाडीकडे, धूर खिडकीकडे नाही, याची खात्री करत होतो. तो धूर वाईट. वास येतो तो निराळ्याचा, मारणारा वायू बिनवासाचा. त्यामुळे ट्रेलरच्या खिडक्या बंद ठेवून मी बाहेर थंडीत बसलो होतो. सौरवाले आजोबा दर अर्ध्या तासाला आपले पत्रे उचलून उन्हामागे धावत होते. मॅडिसनला पाइनची दाटी अशी की ऊन कवडशा-कवडशांनी मिळतं. सकाळी अकराला ते माझ्यापासून वीस पावलांवर होते, दोनला पार्किंगच्या कडेला, तीनला ढग आले. चार वाजता ते सावकाश चालत आले. हातात फोनची वायर होती.

"जरा..." ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. अर्थवाला प्लग त्यांचाच होता, तो काढून तिथे त्यांची वायर लावता आली नसती, म्हणून ट्रेलरच्या आतलं एक भोक त्यांना दिलं. डब्यातलं उरलेलं पेट्रोल टाकीत ओतलं. रात्री आठपर्यंत पुरेल असा अंदाज.

साडेसातला आमची मंडळी परतली. ओल्ड फेथफुल दोनदा पाहून आली होती. पावणेआठला बायसन आला.

एकटाच. जूनमध्ये ते अंगावरची हिवाळी लोकर टाकत असतात, तिच्या लक्तरांनी तो एखाद्या जुन्या गादीसारखा दिसत होता. पूर्ण वाढलेला नर ९०० किलोपर्यंत भरतो. झाडीतून सावकाश आला, ट्रेलरला वळसा घातला, जनरेटरपाशी थांबला, आणि तिथलं गवत खाऊ लागला. आम्ही पाच जणं आणि शेजारचे आजोबा-आजी मागे सरत सरत २५ यार्डांपलीकडे गेलो. तो नियम आहे: बायसनपासून २५ यार्ड, अस्वल आणि लांडग्यापासून १००. आठ वाजायला दहा मिनिटं होती.

आठला पाच मिनिटं. बायसननं जनरेटरवर मान घासून पाहिली. जनरेटर डुगडुगला, बंद पडला नाही. चिरंजीव म्हणाले, ओव्हरलोड केला तर? रिमोटनं काही करता येईल का? मायक्रोवेव्हला रिमोट नसतो, सूनबाई म्हणाली. आठ वाजले. बाकीचे जनरेटर एकेक करून गप्प झाले आणि त्या सगळ्या अरण्यात एकटा आमचा उरला.

आठ वाजून चार मिनिटांनी एक छोटी गाडी आली. तोच माणूस, तीच वही. गाडीतून उतरून तरातरा निघाला आणि बायसन दिसल्यावर जागच्या जागी थांबला. एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा बायसनकडे. एका नियमानं त्याला पुढे ढकललं होतं आणि दुसऱ्यानं मागे ओढलं होतं. मग तो आमच्यात येऊन उभा राहिला. हिनं आधीच कोणाच्या तरी शेगडीवर चहा टाकला होता; त्याच्या हातात कप दिला, डब्यातल्या शंकरपाळ्या पुढे केल्या. त्यानं घेतल्या. कढत नसलेला चहा त्याला चालला.

"त्या रात्रीचं अजून कळलं नाही," तो शंकरपाळी चावत म्हणाला. "ते काय वाजत होतं?"

"ते आमचे आजोबा," नातवानं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. "चौसष्ट. पण जवळून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. वही उघडली. एवढ्यात जनरेटरनं उचकी दिली, पुन्हा दिली आणि थांबला. पेट्रोल संपलं होतं. आठ वाजून बारा मिनिटं. असली शांतता पसरली की दोन्ही नद्या ऐकू आल्या. आणि जो प्राणी त्या घरघरीशेजारी पंचवीस मिनिटं चरत होता, तो दचकला. मान वर केली, आमच्याकडे पाहिलं, आणि शेपूट उभारून झाडीत निघून गेला.

वहीत त्यानं काय लिहिलं ते दिसलं नाही. जाताना दोन शंकरपाळ्या घेऊन गेला.

जनरेटर बंद केल्या केल्या मीटर १३च्या वर दाखवतो, तो खरा धरायचा नसतो. व्याह्यांनी निघताना केलेल्या कौतुकासारखा तो आकडा. चिरंजीवांनी अर्धा तास थांबून, भट्टी आणि दिवे बंद ठेवून पुन्हा पाहिलं. १२.७. फ्रीजवरचं वेळापत्रक त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं. भट्टी नीट लागली. नातवाला टॅब्लेट मिळाला. मला पाणी कोमट करायची परवानगी झाली. मी मुखवटा लावला, बटण दाबलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो काढावासा वाटला नाही. भट्टीचा पंखा फिरतोय एवढं कळलं, पुढचं काही कळलं नाही.

दोनच्या सुमाराला कोणीतरी मला गदागदा हलवलं. अंधारात ही उठून बसली होती, माझ्या नाकापुढे हात धरून.

"काय झालं?" मी मुखवट्यातून विचारलं.

"काही नाही," ही म्हणाली. "आवाज येईना, म्हणून बघितलं."